खालच्या फळीवरचं भांडं

घाडीमामा मला पहिल्या दिवशी अजिबात आवडले नव्हते. परळच्या एका मोठ्या इस्पितळात मी टेक्निशियन म्हणून लागले, नवी साडी नेसून न्यूक्लिअर मेडिसिनच्या खोलीत शिरले आणि या माणसाने मला नमस्कार करायच्या आधी सांगितलं, "बाई, दार लावा. आतला गारवा जातो." मी माझगावची एव्हलिन बाप्टिस्टा, घरात सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत तिखट. एक वॉर्डबॉय मला दार लावायला सांगतो म्हणजे काय! मी दार मुद्दाम हळूच लावलं. मामांनी उठून खिट्टी नीट बसली का ते तपासलं.

इस्पितळात वॉर्डबॉयला मामा म्हणतात आणि आयाबाईला मावशी. जयवंत घाडी हे आमच्या विभागाचे मामा. राहायला काळाचौकीला, मूळ देवगडकडचे. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर होते. संपानंतर गिरणी बंद पडली, वडील गावी गेले ते गेलेच. मामा दहावीनंतर पडेल ते काम करत तिशीत आमच्याकडे चिकटले आणि पुढची सव्वीस वर्षं त्या एका खोलीचा गारवा राखत बसले.

त्या गारव्याचं कारण मला आठवड्याभरात कळलं, आणि मला लाज वाटली. आमच्या कॅमेऱ्याच्या पोटात एक स्फटिक असतो. मिठाच्याच जातीचा, परातीपेक्षा मोठा, पण जाडीला बोटभरही नाही. पेशंटला औषध देतात, ते दुखऱ्या जागी जाऊन बसतं आणि त्यातून गॅमा किरणांचे फोटॉन सुटतात. एखादा फोटॉन स्फटिकात शिरून आपली सगळी ताकद तिथे टाकतो आणि संपतो. तेवढ्या जागी एक बारीक ठिणगी चमकते. अशा लाखो ठिणग्या मोजल्या की आतलं चित्र उमटतं. पण सगळेच फोटॉन संपत नाहीत. काही थोडी ताकद देऊन वाकड्या वाटेने सटकतात. काही स्फटिकाला न शिवता आरपार निघून जातात, आणि अंगात जोर जितका जास्त तितके आरपार जाणारे जास्त. हा स्फटिक मोठा नाजूक. तासाभरात खोलीचं तापमान चारपाच अंशांनी वरखाली झालं तर त्याला तडा जातो. मग नवा परदेशातून येईपर्यंत सगळे पेशंट परत पाठवायचे.

हे सगळं मामा विद्यार्थ्यांच्या लेक्चरला दाराशी उभे राहून शिकले होते. नवे डॉक्टर चुकले तर ते खोकायचे. मला ते खोकणं ओळखू यायला लागलं तेव्हा आमची गट्टी जमली.

मामांनी विभागात एक प्रथा आणली होती, खंडेनवमीची. त्यांच्या वडिलांच्या गिरणीत त्या दिवशी साचे पुसून त्यांची पूजा व्हायची. मामांनी तेच इथे सुरू केलं. दुपारपर्यंत पेशंट संपवायचे, यंत्रं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या. हातातली लहान यंत्रं, म्हणजे किरण मोजायचे मीटर, पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचं. मोठे डॉक्टरसुद्धा येऊन हात जोडायचे. नियम एकच: पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, तिसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतः मीटर उतरवून माझ्या हातात देत. मी रविवारी न चुकता चर्चला जाणारी बाई, पण त्या पाटापुढे चपला काढून बसताना मला कधी परकं वाटलं नाही.

आता भांड्यांचं सांगते. किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी शिशाच्या जाड भांड्यातून येते. भांडं मुठीएवढंच, पण उचलायला गेलं तर मनगट वाकतं. गोळी पेशंटला दिली की भांडं रिकामं. रिकामी भांडी आम्ही वरच्या फळीवर ठेवत असू. एखादी गोळी द्यायची राहिली, तर ती तिच्या भांड्यातच, वर पिवळी चिठ्ठी चिकटवून, खालच्या फळीवर. आठ दिवसांत तिचा जोर अर्धा होतो, आणखी आठ दिवसांत पाव. अडीचतीन महिने तिला कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षी खालच्या फळीवर दोन भांडी होती. त्यातलं एक जेमतेम आठवड्यापूर्वीचं. एका बाईला गोळी द्यायची, त्याआधी आम्ही नेहमीप्रमाणे तपासणी केली, तर ती दोन महिन्यांची गरोदर निघाली. गरोदर बाईला ही गोळी म्हणजे पोटातल्या पोराच्या गळ्यातल्या ग्रंथीवर घाला. डॉक्टरांनी गोळी परत भांड्यात टाकली आणि ती बाई रडत घरी गेली.

वरच्या फळीवर नऊ रिकामी भांडी साठली होती. मामांचा चुलतभाऊ रघु देवगडला पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकून मासे मारतो. पागाच्या कडेला शिशाच्या गोळ्या लागतात, त्यासाठी त्याला शिसं हवं होतं; ते मामा घरी वितळवून पाठवणार होते. मामांनी महिनाभर आधी मला विचारून ठेवलं होतं आणि मी ऑफिसातून परवानगीचा कागद आणून दिला होता. विभागातून कुठलीही वस्तू बाहेर जाताना तिच्यावरून मीटर फिरवायचा, हा नियम मीच नव्या मुलींना घसा कोरडा करून शिकवत असे.

त्या खंडेनवमीला मी घाईत होते. सगळी अकरा भांडी टेबलावर काढली आणि ओल्या फडक्याने पुसली. मामा कधी ओलं फडकं वापरत नसत. मी वापरलं. दोन्ही पिवळ्या चिठ्ठ्या भिजून सुटल्या आणि फडक्याला चिकटल्या. मी म्हटलं, त्यात काय, माझ्या लक्षात आहे. नऊ वर ठेवली, दोन खाली.

संध्याकाळी मामा जाड कापडाची पिशवी घेऊन आले. नऊ भांडी पिशवीत भरण्याआधी माझा हात सवयीने पाटाकडे गेला. मीटरवर झेंडूचं फूल होतं, कुंकवाचं बोट होतं. मामा माझ्या हाताकडे बघत राहिले. मला त्यांचं मन मोडवेना. मी हात मागे घेतला आणि म्हटलं, "वरच्या फळीवरची आहेत मामा, रिकामीच. घेऊन जा."

खरं सांगायचं तर ते वाक्य मी आजही रोज ऐकते.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मी मामांच्या आधी पोचले. नव्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि लावायच्या आधी मीटर स्वतःच उतरवला. आमच्या मीटरच्या टोकाला अंगठ्याएवढा स्फटिक असतो. त्यात जितक्या ठिणग्या चमकतात तितकी टिकटिक वाजते. खालच्या फळीवरच्या पहिल्या भांड्यापाशी टिकटिक किंचित वाढली, म्हणजे ही जुनी गोळी. दुसऱ्यापाशी वाढली नाही. मी मीटर भांड्याला टेकवला. काही नाही. झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

मी खाली बसले आणि मोजायला लागले, पण काय मोजत होते ते मला कळत नव्हतं. आठवड्यापूर्वीची गोळी, जवळपास निम्मा जोर अजून शाबूत, आणि ती मामांच्या पिशवीत. मामा ती भांडी वितळवणार होते. गोळी शिशाबरोबर चुलीवर चढली तर आयोडीनची वाफ होते, ती श्वासाबरोबर आत जाते आणि थेट गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसते. दसऱ्याची सुट्टी होती. त्यांना अख्खा दिवस मिळाला होता.

मामा आले ते हातात आपट्याची पानं घेऊन, सगळ्यांना सोनं द्यायला. मी विचारलं, भांडी वितळवली का. ते हसले. म्हणाले, नाही बाई, घरात धूर नको म्हणून बायकोने अडवलं, रविवारी कुणाच्या तरी अंगणात बघू. मला श्वास आला. मी विचारलं, मग पिशवी कुठे आहे.

"खाटेखाली," मामा म्हणाले.

"खाटेवर कोण झोपतं?"

हे विचारल्यावर त्यांना कळलं. मी काही सांगायच्या आधी कळलं. त्यांनी माझ्या हातातल्या मीटरकडे पाहिलं, टेबलावरच्या उघड्या भांड्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. हातातली पानं त्यांनी तशीच शर्टाच्या खिशात कोंबली. खाटेवर आकांक्षा झोपत होती, त्यांची मुलगी. आठवा महिना लागलेला, पहिलंच बाळंतपण, माहेरी आलेली. घरात खाट एकच, ती तिला दिली होती. दोन रात्री, आणि दुपारची झोप वेगळी.

आमचे सेफ्टी ऑफिसर गौतम सर पुण्याला होते. मी फोनवर सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. ते रागावले नाहीत, त्यामुळे मी आणखी घाबरले. खोली रिकामी करा, दारातून मोजा, भांडं उघडू नका, मी निघतो, एवढंच ते म्हणाले.

विभागातला मोठा शिशाचा डबा बरोबर घेऊन आम्ही टॅक्सी केली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं. मामांनी मीटर माझ्या हातातून घेतला आणि आपल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून मांडीवर धरला. गार खोलीतून एकदम उन्हात आणला तर स्फटिकाला तडा जाईल म्हणून. त्या अवस्थेतही त्यांना ते सुचलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघायची माझी छाती नव्हती. अख्ख्या वाटेत ते एकदाच बोलले. झाकण घट्ट आहे ना त्याचं, असं विचारलं. मी सगळी झाकणं फिरवून बसवली होती. पण दोन दिवस पिशवी घरात होती, आणि आकांक्षाला दिसेल ती वस्तू पुसून ठेवायची सवय, हे मला मामांनीच कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं.

चाळीचा तिसरा मजला. जिन्याच्या तळाशी मी मीटर सुरू केला. टिक, मग थोडं थांबून टिक टिक. एवढी टिकटिक सगळीकडे असते. पहिला मजला, तेवढीच. दुसरा, तेवढीच. गॅलरीत गोधड्या वाळत होत्या, बायका आमच्याकडे बघत होत्या. मामांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि खाट दाराला लागूनच. आकांक्षा खाटेवर पाय सोडून लसूण सोलत बसली होती. मी उंबऱ्यापाशी पोचले आणि टिकटिक भरभर व्हायला लागली.

मामा उंबऱ्यावरच थबकले. "आका, भायर ये," ते म्हणाले.

"काय झाला, बाबा?"

"आधी भायर ये."

ती खाटेचा आधार घेत उठली. आठव्या महिन्याची बाई उठते तशी, सावकाश. आधी ताट बाजूला ठेवलं, मग साडी सारखी केली, मग चपला शोधल्या. ती मीटरपासून दोन हातांवर होती आणि मीटर वाजत होता. मला ओरडून तिला ओढून बाहेर काढावंसं वाटत होतं, पण घाबरून ती पडली असती. मामांनी हात पुढे केला होता.

तिला गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मी तिच्यावर मीटर धरला. हातांवर धरला, काही नाही. कपड्यांवर काही नाही. गळ्यापाशी नेताना मी मनात हेल मेरीची प्रार्थना म्हणत होते. गोळी उघडी पडली असती, तर आयोडीन आतापर्यंत तिथे जाऊन बसलं असतं. टिक, मग थोडं थांबून टिक टिक. मग पोटावर धरला. मामांनी मला तीनदा परत धरायला लावला. आकांक्षा एव्हाना वैतागली होती.

मग मी एकटी आत गेले. खाटेखालून पिशवी ओढली आणि एकेक भांडं बाहेर काढून मोजलं. गोळीचं भांडं सातवं निघालं. झाकण घट्ट होतं, मी बसवलं होतं तसंच. ते भांडं आमच्या मोठ्या शिशाच्या डब्यात घालून संध्याकाळपर्यंत विभागात परत गेलं.

गौतम सरांनी त्याच दिवशी हिशेब केला. भांड्याचं शिसं किती जाड, खाटेपर्यंतचं अंतर किती, तास किती. आकांक्षाच्या पोटाशी पोचलं ते सगळं मिळून छातीच्या एका एक्स-रेएवढं. त्यांनी तिला समोर बसवून सरळ सगळं सांगितलं. तिच्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, काळजीचं कारण नाही. पोरगी खमकी. तिने दोन प्रश्न विचारले, मोबाईलवर काय ते वाचलं आणि मला म्हणाली, मावशी, तुम्ही जेवून जा. मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पूजेच्या पाटावरून मीटर कायमचे उठले.

पण मामांच्या मनातली भीती उठेना. चारपाच दिवसांनी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, शिशात अर्धे मरतात. उरलेल्यातले पुढच्या थरात अर्धे. मग त्यांचे अर्धे. शून्य कधी येतच नाही ना?"

मी म्हटलं, शून्य येत नाही, पण फार थोडे उरतात. आणि त्यातलेही कितीतरी अंगातून आरपार निघून जातात, मामा. जे थांबत नाहीत ते काही बिघडवत नाहीत.

"मग थांबले किती?" मामांनी विचारलं.

मी आकडा सांगितला असता. पण त्यांना आकडा नको होता. त्यांना त्या पोराच्या आत कुठे, कशावर जाऊन थांबले ते हवं होतं, आणि ते सांगणारा स्फटिक जगात कुणी बनवलेला नाही.

त्यानंतर मामा बदलले. पेशंटशी बोलायचे कमी झाले. घरी जाण्याआधी बेसिनशी उभे राहून कोपरापर्यंत हात धुवायचे, पुन्हा पुन्हा. मग मला मीटर धरायला लावायचे, हातांवर, बुटांवर, केसांवर. काही निघायचं नाही, तरी त्यांना पटायचं नाही. त्यांची बायको मला फोनवर म्हणाली की ते आता गॅलरीत झोपतात, लेकीच्या ताटाशेजारी जेवायला बसत नाहीत. सव्वीस वर्षं या विभागातून रोज घरी येतोय, म्हणतात, कुठे काय अंगाला लागून आलं असेल कुणी सांगावं. ज्या माणसाला मी कधी कशाला भिताना पाहिलं नव्हतं, तो आता स्वतःलाच भीत होता. आणि त्या भीतीला मी जन्म दिला होता. मला स्वतःचा इतका राग यायचा की कुणी "कशी आहेस" विचारलं तरी मी वस्सकन अंगावर जायचे.

डिसेंबरात आकांक्षाला मुलगी झाली. पावणेतीन किलोची, सगळं जिथल्या तिथे. टाचेतून रक्त घेऊन ग्रंथीची तपासणी केली, तीही चांगली आली. तो कागद मामांनी मला दाखवला, घडीवर फाटेपर्यंत वाचलेला. नातीला पाहिलं का विचारलं, तर म्हणाले, पाहिलं, लांबून.

बारशाला मला बोलावणं होतं. आदल्या दिवशी मामांनी खाली मान घालून विचारलं, येताना मीटर आणाल का. मीटर असा घरी न्यायला परवानगी नाही. मी पर्समध्ये रुमालाखाली घालून नेला.

पाळणा हलला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. बायका शेजारच्या खोलीत जेवायला बसल्या तशी मामांनी मला पाळण्यापाशी बोलावलं. मी मीटर सुरू केला आणि झोपलेल्या पोरीच्या गळ्यावरून, पोटावरून, मुठींवरून फिरवला. टिक, मग थोडं थांबून टिक टिक. मामा वाकून ऐकत होते.

"ही कसली मग?" त्यांनी विचारलं.

त्यांना माहीत होतं. मी तरी सांगितलं की ही भिंतीतून येते, आभाळातून येते, सगळ्यांत असते. मीटर माझ्या स्वतःच्या गळ्याशी धरला, तेवढीच टिकटिक. त्यांच्या गळ्याशी धरला, तेवढीच. मामांनी तिन्ही ठिकाणची टिकटिक पुन्हा ऐकून घेतली.

तेवढ्यात आकांक्षा आत आली. तिने मीटर पाहिला, बापाकडे पाहिलं, पण ती रागावली नाही. पाळण्यातून पोर उचललं आणि म्हणाली, "बारा दिवस झाले, बाबा. एकदा तरी घेवा हिका." त्यांना नाही म्हणायला वेळच दिला नाही, पोर हातात ठेवून दिलं.

मामांनी तिला घेतलं. आमच्या विभागात गोळी असलेलं भांडं धरायची एक रीत आहे: हात ताठ, अंगापासून जमेल तितकं लांब, कारण अंतर दुप्पट झालं की धोका चौथाईवर येतो. मामांनी नातीला तसं धरलं होतं. बारा दिवसांची पोर दोन ताठ हातांच्या टोकाला झोपली होती आणि त्यांचे दंड थरथरायला लागले होते, तरी कोपर वाकेना.

मी म्हटलं, मामा, जवळ घ्या तिला. आता काही नाही.

"नको, बाई," मामा म्हणाले. "ती माझ्यापासून जरा लांबच बरी."